वाचलेला घास कुणाचा?

फाल्गुन जवळ आला की लोधिवलीच्या भोवतालचे डोंगर तपकिरी होतात. इर्शाळगडाच्या उतारावरचं गवत वाळतं, पळस आणि काटेसावर फुलतात, ओढ्यांचं पाणी डबक्यांपुरतं उरतं. शिमग्याच्या लाकडांची जमवाजमव सुरू होते, त्याच दिवसांत कॅथलिक घरांत उपवासकाळ लागतो. शेजारीपाजारी मग विचारतात: यंदा तुमचे उपवास कधीपासून? तारीख दरवर्षी का बदलते? मासे चालतात म्हणे? या प्रश्नांची उत्तरं अवघड नाहीत, ती पुढे देतोच. पण उपवासकाळाचा गाभा एका हिशेबात आहे, आणि खालापूर-कर्जतच्या पट्ट्यात राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाने तो हिशेब टाळू नये असं मला मनापासून वाटतं.

आधी तारखेचं. भिंतीवर पंचांग लावणाऱ्या घरांना हे कोडं लगेच उलगडतं. ईस्टर म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढच्या रविवारी ईस्टर करायचा, असा नियम आहे. त्यामुळे हा सण २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कधीही पडतो. चर्च ही पौर्णिमा जुन्या गणिती कोष्टकांवरून धरतं, म्हणून आकाशातल्या चंद्राशी एखाद्या दिवसाचा फरक होऊ शकतो. आपल्या महिन्यांत सांगायचं तर ईस्टर कधी फाल्गुन पौर्णिमेच्या पाठोपाठ येतो, कधी चैत्र पौर्णिमेच्या. २०२४ साली ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार आणि होळी एकाच दिवशी, २४ मार्चला आली आणि ईस्टर ३१ मार्चला झाला. २०२६ मध्ये मात्र ईस्टर ५ एप्रिलला, हनुमान जयंतीनंतरच्या रविवारी.

ईस्टरपासून ४६ दिवस मागे मोजले की उपवासकाळ सुरू करणारा राखेचा बुधवार येतो. २०२६ मध्ये तो १८ फेब्रुवारीला. लोक चाळीस दिवसांचा उपवास म्हणतात आणि कॅलेंडरवर भरतात शेहेचाळीस, कारण मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत. प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस. त्या दिवशी उपाशी राहणं ख्रिस्ती परंपरेला कधी पटलं नाही. चाळीस हा आकडा बायबलमधला आहे: मोशे सीनाय पर्वतावर चाळीस दिवस राहिला, एलिया चाळीस दिवस चालत होरेबला पोचला, येशू चाळीस दिवस अरण्यात उपाशी होता. इ.स. ३२५ मध्ये निकिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेच्या नियमांत या चाळीस दिवसांचा उल्लेख आहे, म्हणजे तोवर ही प्रथा रुळू लागली होती.

आमचा रायगड जिल्हा कॅथलिक व्यवस्थेत मुंबईच्या महाधर्मप्रांतात येतो. जिल्ह्यातली जुनी ख्रिस्ती वस्ती किनाऱ्यावरची. चौल-रेवदंडा पोर्तुगिजांच्या ताब्यात होतं, आणि खाडीपलीकडच्या कोर्लईत आजही पोर्तुगीज-मराठीच्या संगमातून जन्मलेली ‘नोलिंग’ ही बोली कॅथलिक घरांत बोलली जाते. घाटाच्या पायथ्याचा आमचा पट्टा वेगळा. इथे कॅथलिक घरं विरळ. रेल्वे, खोपोलीचे कारखाने, रसायनी आणि पाताळगंगेची औद्योगिक वसाहत यांच्या मागे नोकरीधंद्यासाठी आलेली, कुणी वसईचं, कुणी गोव्याचं, कुणी मंगळूर किंवा केरळचं. प्रत्येकाची उपवासकाळाची गाणी वेगळी, चुलीवरचं कालवण वेगळं.

तरीही या काळाची मराठी परंपरा जुनी आणि समृद्ध आहे, आणि ती मराठी वाचकाला फारशी ठाऊक नाही याचं वाईट वाटतं. येशूच्या दुःखसहनाची कथा मराठीत चारशे वर्षं सांगितली जाते आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात उतरला, इथल्या संतकवींची ओवी त्याने आपलीशी केली, आणि १६१६ साली रायतूर येथे त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालं. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ देवनागरी खिळे हाताशी नसल्याने रोमन लिपीत छापावा लागला. पुढे १६५९ साली फ्रान्सिस्को वाझ द गिमरांइश याचं येशूच्या दुःखसहनावरचं आणि मरणावरचं पुराण आलं, ते थेट वसई-मुंबईकडच्या ख्रिस्ती लोकांच्या बोलीत. आपल्या काळात हे काम फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी पुढे नेलं. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ साली साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. वसईची हिरवाई आणि पाणी वाचवण्याच्या ‘हरित वसई’ लढ्यात रस्त्यावर उतरणारा आणि बायबल सोप्या मराठीत आणणारा माणूस एकच होता. प्रार्थना आणि शेजाऱ्याचं पाणी यांत त्यांनी भिंत घातली नाही.

राखेच्या बुधवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेलेला माणूस कपाळावर राखेचा क्रूस घेऊन परततो. ही राख कुठून येते? मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित करून घरी नेलेल्या झावळ्या वर्षभर क्रुसाच्या किंवा तसबिरीच्या मागे खोचलेल्या असतात. त्या वाळतात, उपवासकाळ जवळ आला की चर्चमध्ये आणून देतात, तिथे त्या जाळतात. येशू राजाच्या स्वागताला हलवलेली हिरवी झावळी वर्षभरात राख होऊन कपाळावर येते. राख लावताना धर्मगुरू दोनांपैकी एक वचन म्हणतात: एकात माणूस मातीचा आहे आणि मातीत जाणार याची आठवण असते, दुसऱ्यात मन पालटून शुभवर्तमानावर विश्वास ठेवण्याची हाक. भस्माची ओळख असलेल्या आपल्या मुलखाला हे चिन्ह परकं वाटत नाही. पण त्याच मिस्सेत मत्तयच्या शुभवर्तमानाचा जो भाग वाचतात, त्यात येशू सांगतो की उपवास करता तेव्हा चेहरा उतरवून बसू नका, तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, तुमचा उपवास लोकांना कळू देऊ नका. कपाळावर राख आणि कानात हे शब्द. ही ओढाताण चर्चने जाणूनबुजून ठेवली असावी असं मला वाटतं. राख सगळ्यांना सारखी लागते, धर्मगुरूलाही. पुढचे चाळीस दिवस मात्र कुणी पाहू नये असे काढायचे आहेत.

नियम बघायला गेलं तर आज फार सौम्य आहेत. पोप सहावे पॉल यांनी १९६६ साली जुनी कडक बंधनं सैल केली आणि १९८३ च्या धर्मसंहितेने त्यांना आजचं रूप दिलं. सक्तीचे उपवास वर्षातून दोनच: राखेचा बुधवार आणि येशूच्या मरणाचा उत्तम शुक्रवार. त्या दिवशी एकदा पोटभर जेवायचं, आणखी दोनदा थोडंसं खाल्लं तरी चालतं. १८ वर्षं पूर्ण झालेल्यांपासून साठावं वर्ष लागेपर्यंत हा नियम. मांसवर्ज्य मात्र १४ वर्षं पूर्ण झाली की लागू होतं, आणि उपवासकाळातल्या प्रत्येक शुक्रवारी पाळायचं असतं. महडच्या वरदविनायकाची संकष्टी चंद्रोदयापर्यंत निरंकार धरणाऱ्या बाईला हे फारच सोपं वाटेल. २०२५ साली रमजान २ मार्चला आणि आमचा उपवासकाळ ५ मार्चला लागला, तेव्हा पाण्याचा थेंबही न घेता दिवस काढणाऱ्या मुसलमान शेजाऱ्यांसमोर आपल्या नियमांबद्दल बोलताना संकोच वाटावा अशीच स्थिती होती.

आणि माशांचं? हो, मासे चालतात. मांसवर्ज्याचा नियम घडला तो जिथे मांस हे मेजवानीचं अन्न आणि मासा हे साधं अन्न होतं अशा मुलखांत. कोकणात उलटं आहे. पापलेटाचं कालवण ताटात घेऊन शुक्रवार पाळला म्हणणं नियमात बसेल, पण मनाला बसत नाही, आणि पुष्कळ जुन्या घरांना ते कधीच पटलेलं नाही. ती घरं या काळात मासेही सोडतात, गोडधोड करत नाहीत, लग्नं ठेवत नाहीत. कुणी दारू सोडतं, कुणी तंबाखू. अशा घरगुती नेमांना धर्मसंहितेत कलम नाही, तरी उपवासकाळ खऱ्या अर्थाने जगला जातो तो तिथेच.

आता त्या हिशेबाकडे येतो.

दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेला ‘हर्मासचा मेंढपाळ’ नावाचा एक ख्रिस्ती ग्रंथ आहे. त्यात उपवासाची रीत सांगितली आहे ती फार रोखठोक. उपवासाच्या दिवशी भाकरी-पाण्यावर राहा, एरवी त्या दिवशी जेवणावर किती खर्च झाला असता ते मोजा, आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्या. म्हणजे उपवास पोटापाशी संपत नाही. वाचलेला घास दुसऱ्याच्या ताटात पडला तरच तो पुरा होतो. पाचव्या शतकातले पोप थोर लिओ उपवासकाळातल्या प्रवचनांत हेच वेगवेगळ्या तऱ्हेने सांगत राहिले. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही उपवासकाळाची तीन कामं म्हणून मुलांकडून पाठ करून घेतात. वेगवेगळी पाठ केल्याने ती वेगवेगळी आहेत असं वाटू लागतं, आणि माझ्या मते तिथेच नुकसान होतं. दान वगळून केलेला उपवास पथ्य होतो, आणि त्यातून वाचलेले पैसे आपल्याच खिशात राहतात.

राखेच्या बुधवारानंतरच्या शुक्रवारी मिस्सेत यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाचा ५८ वा अध्याय वाचतात. लोक देवाकडे तक्रार करतात की आम्ही उपवास केले, तू पाहिलं का नाहीस? देवाचं उत्तर असं की उपवासाच्या दिवशीही तुम्ही आपला स्वार्थ साधता आणि मजुरांना राबवून घेता. मला हवा तो उपवास जुलमाच्या बेड्या सोडण्याचा, दडपलेल्यांना मोकळं करण्याचा, भुकेल्याला आपल्यातली भाकरी देण्याचा. संदेष्ट्याने उपवासाचा विषय काढला आणि पहिलाच हात घातला मजुरीच्या प्रश्नाला.

हा अध्याय खालापूर-कर्जतच्या पट्ट्यात वाचला जातो तेव्हा तो दूरच्या जेरुसलेमचा उरत नाही. फेब्रुवारी ते मे हा इथल्या वीटभट्ट्यांचा भर हंगाम. भट्टीवर राबणाऱ्यांत मोठा भरणा कातकऱ्यांचा. महाराष्ट्रात केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून नोंदलेल्या तीन जमाती आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यांतली ही एक. खैराच्या झाडापासून कात काढणाऱ्या या लोकांचं जंगल हातचं गेलं आणि बहुतेकांना कसायला पुरेशी जमीन कधी मिळालीच नाही. पावसाळ्यात काम नसतं, घरात दाणा नसतो, तेव्हा भट्टीमालकाकडून किंवा मुकादमाकडून उचल घ्यायची. दिवाळीनंतर ती फेडायला कुटुंबच्या कुटुंब भट्टीवर जाऊन राहतं. दर हजार विटांमागे ठरतो. आठवड्याला खाण्यापुरती खर्ची मिळते, आणि हंगाम संपताना हिशेब होतो, ज्यात पुष्कळदा बाकी मजुराच्याच अंगावर निघते. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ सालचा आहे. उचलीचा फास त्यानंतरही सुटलेला नाही. पोरं आईबापांसोबत भट्टीवर, म्हणून शाळा अर्ध्यावर.

म्हणजे आपण स्वखुशीने एक जेवण सोडतो त्याच आठवड्यांत, काही कोसांवर, कुणीतरी खर्ची संपली म्हणून जेवण सोडतं. चर्चच्या परंपरेला हा फरक नेहमी ठाऊक होता. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी उपवास कुणावर बंधनकारक आहे याची चर्चा करताना लिहून ठेवलं की ज्याला एका वेळेचं पुरेसं जेवणही मिळवता येत नाही अशा गरिबाला हा नियम लागू नाही. आजारी, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बाया, अंगमेहनतीची कामं करणारे यांनाही सूट आहे. उपवास हे पोट भरलेल्यांवरचं कर्तव्य आहे, ही गोष्ट जेवढ्या स्पष्टपणे सांगायला हवी तेवढी प्रवचनांतून सांगितली जात नाही.

वाचलेला घास पोचवण्याच्या वाटा मात्र आहेत. युद्धातून सावरलेल्या जर्मनीतल्या कॅथलिकांनी १९५८ साली कोलोनचे कार्डिनल योझेफ फ्रिंग्ज यांच्या पुढाकाराने ‘मिझेरिओर’ ही संस्था उभी केली. तिचा मोठा निधी उपवासकाळातच जमतो आणि आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेत कामाला येतो. आपल्याकडे १९६२ साली सुरू झालेली ‘कारितास इंडिया’ दर उपवासकाळात भूक आणि रोगराईविरुद्ध मोहीम काढते, धर्मग्रामांतून वर्गणी गोळा होते. मिझोरममधल्या प्रेसबिटेरियन बायका शंभराहून अधिक वर्षं रोजचा भात शिजत घालण्याआधी मूठभर तांदूळ बाजूला काढून चर्चच्या कामाला देत आल्या आहेत. आणि आपल्या अगदी जवळचं उदाहरण कर्जत तालुक्यातल्या कशेळ्याचं. तिथल्या ‘अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स’ या संस्थेने आदिवासी वाड्यांत धान्य बँका उभ्या केल्या. सुगीच्या वेळी वाडीने धान्य साठवायचं, पावसाळ्यातल्या टंचाईत घरांनी त्यातून उचलायचं, पुढच्या सुगीला थोडं जास्त घालून परत करायचं. ही संस्था कुठल्या धर्माची नाही. पण हर्मासच्या लेखकाने ही बँक पाहिली असती तर त्याला ती लगेच ओळखू आली असती. दाण्याची सोय झाली की उचल घेण्याची निकड कमी होते. यशयाला अभिप्रेत असलेली बेडी सुटायला इथून सुरुवात होते.

लिफाफ्यात नोट घालून चर्चच्या पेटीत टाकणं चांगलंच आहे आणि ते करावं. त्याहून अवघड असतं ते आपल्या घराच्या विटा कुणी पाडल्या आणि त्याला काय मिळालं हे विचारणं. घरकामाला येणाऱ्या बाईची पगारी सुटी, कंत्राटी मजुराचा थकलेला पगार, दुकानात आपण ज्याच्याकडून राबवून घेतो त्या पोराचं वय, हे प्रश्न उपवासकाळाचेच आहेत. पापनिवेदनाला जाताना आपण संताप, खोटं बोलणं, प्रार्थना चुकवणं आठवतो. मजुरी बुडवल्याचं पाप फार थोड्यांना आठवतं, आणि बायबलमध्ये मात्र ते आकाशाला जाऊन भिडणाऱ्या पापांपैकी एक आहे.

प्रार्थनाही याच दिशेने नेते. उपवासकाळातल्या शुक्रवारी चर्चमध्ये क्रुसाची वाट करतात. पिलाताने येशूला मरणदंड दिला तिथपासून कबरीपर्यंत चौदा स्थानं. हा आकडा पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३१ साली पक्का केला. प्रत्येक स्थानापाशी थांबायचं, गुडघे टेकायचे, प्रार्थना म्हणायची. पाचव्या स्थानावर सिरेनेचा शिमोन भेटतो. शुभवर्तमान सांगतं की तो शेताकडून येत होता, रस्त्याने जात होता, आणि शिपायांनी त्याला वेठीला धरून क्रूस त्याच्या खांद्यावर दिला. त्याने स्वतःहून काही केलं नव्हतं. शेताकडून येणाऱ्या परक्या माणसाकडून सरकारने फुकट ओझं वाहून घेतलं, आणि ख्रिस्ती श्रद्धेच्या सर्वांत पवित्र वाटेवर तो कायमचा उभा राहिला. भट्टीवर डोक्यावरून विटा वाहणारी माणसं रोज दिसतात अशा तालुक्यात या पाचव्या स्थानापाशी थोडं जास्त थांबायला हवं.

शेवटचा आठवडा भराभर जातो. झावळ्यांचा रविवार; मग गुरुवारी संध्याकाळी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. पोप फ्रान्सिस यांनी निवडून आल्यावर पहिल्याच वर्षी, २०१३ मध्ये, रोमच्या बालतुरुंगात जाऊन कैद्यांचे पाय धुतले, त्यांत मुली होत्या आणि मुसलमानही. २०१६ साली त्यांनी या विधीत स्त्रियांना घेण्याची रीतसर मोकळीक दिली. उत्तम शुक्रवारी जगात कुठेही मिस्सा होत नाही. शनिवारी रात्री अंधारात नवा अग्नी पेटतो, त्यावरून मोठी मेणबत्ती लावतात, आणि त्याच रात्री प्रौढांचे बाप्तिस्मे होतात. मुळात उपवासकाळ आकाराला आला तो याच बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांमुळे. बाकीचे त्यांच्या सोबतीला उपवास करू लागले.

ईस्टर झाला की उपवास सुटतो, पण ईस्टरचा काळ चालू राहतो पन्नास दिवस, उपवासापेक्षा दहा दिवस जास्त. तो संपतो पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाला, २०२६ मध्ये २४ मेला. त्याच सुमारास भट्ट्या थंड होतात आणि कातकरी कुटुंबं वाड्यांवर परततात. जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा सहा महिने गैरहजर राहिलेल्या पोरांना वर्गात बसवायचं असतं, त्यांना दप्तर लागतं आणि कुणीतरी रोज शिकवायला लागतं. आषाढ-श्रावणात कणग्या रिकाम्या होतात आणि पुढच्या हंगामाच्या उचलीची बोलणी सुरू होतात. राखेच्या बुधवारपासून ज्याने मुठीमुठीने तांदूळ बाजूला काढला असेल, त्याने तो ईस्टरला संपवू नये; त्याची गरज पडायला अजून तीन-चार महिने असतात.